तोंडात धरलेली अंगठी

विद्यापीठ एकच होतं, पण अर्ज दोन होते. एक लॉ स्कूलचा, एक मानववंशशास्त्र विभागाचा, आणि दोन्हींसाठी मिळून एक निबंध: या दोन पदव्या तुम्हाला एकत्रच का हव्यात, ते दोन पानांत सांगा. मी तेव्हा मिशिगनमधल्या ट्रॉय गावात गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. दिवसभर माणसाच्या पाठीचा कोन मोजायचा आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांबद्दल लिहायचं, असं चाललं होतं. नागपूरला बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "वकील होऊन राहिली का ते मानववंश का काय, एक काहीतरी सांग ना बाई. लोकं विचारतात मले." मी म्हटलं, दोन्ही. "मंग नोकरी सोडून राहिली, असंच सांगतो," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

माझे पहिले सहा खर्डे मलाच वाचवत नव्हते. मुद्दा पक्का होता: जात या गोष्टीची इथल्या कायद्याला फारशी ओळख नाही, आणि आमच्या माणसांना ती इथंही उत्तम ओळखता येते. पण निबंध सरकारी परिपत्रकासारखा वाटायचा. मग विद्यापीठाच्या एका ऑनलाइन माहितीसत्रात तिथल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, सिद्धांत सगळेच लिहितात, मला एक माणूस दाखवा. लॅपटॉप बंद करायच्या आत मला माणूस सापडला होता. मला तेव्हा जराही अवघड वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट आनंद झाला.

तो माणूस म्हणजे मावशी. रक्ताच्या नाहीत. मी नवी नवी आले तेव्हा मराठी मंडळाच्या पिकनिकला गेले होते आणि कुणी विचारायच्या आत माझं आडनाव मोठ्यानं सांगत फिरत होते. ही माझी सवयच आहे. आडनावावरून समोरच्याला कळतं, त्याचा चेहरा कसा होतो ते मी बघते, आणि मग त्या माणसाशी किती बोलायचं ते ठरवते. मावशी बटाटेवड्यांच्या ट्रेमागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. त्यांनी माझ्या प्लेटमध्ये न मागता दोन वडे जास्त वाढले आणि विचारलं, "थंडीचा कोट घेतलास का?" पुढच्या शनिवारी त्या स्वतःचा जुना कोट घेऊन माझ्या दारात हजर. तो पहिला हिवाळा मी त्यांच्या कोटात आणि त्यांच्या गाडीतून काढला.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं, आणि जेवणानंतर बेडरूममधलं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे, कपाटाच्या पाठीला, निळ्या कोटातला तो फोटो होता. आमच्या घरी तो बैठकीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसतो. "तुझं आडनाव ऐकलं अन् तवाच ठरवलं, हिले घरी आणाचं," त्या म्हणाल्या. मंडळात अगदी पुणेरी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून माझ्या आजीची भाषा ऐकली आणि मला रडू आलं. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. इथं यायच्या आधी त्यांच्या नवऱ्यानं आडनाव बदललं होतं, एका गावाच्या नावाला 'कर' लावून. मुलगी चार वर्षांची असताना तो गेला. आडनाव राहिलं, आणि आडनावाबरोबर एक अख्खं कोकणही राहिलं, जे त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. उकडीचे मोदक त्या मिशिगनमध्ये व्हिडिओ बघून शिकल्या, फ्रोझन खोबऱ्यावर. मंडळाच्या गणपतीला आता दोनशे मोदक त्यांच्याच हातचे लागत. "काय कळ्या पडतात! हे आमच्या कोकणातच जमतं," असं काकवा म्हणायच्या, आणि घरी आल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

हसायचो खरं, पण मला रागही यायचा. एवढं शिकलेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काम करणारी बाई, आणि फोटो साड्यांच्या मागे! एकदा मी तोंडावर बोललेही. त्या म्हणाल्या, "तुह्या बापानं तुले उजेडात वाढवलं. माह्यावाल्या नवऱ्यानं ठरवलं, पोरीले काही माहीतच नाही पडलं पाहिजे. तो गेला, अन् मले ते मोडता नाही आलं." मुलीला अठरा पूर्ण झाली की सांगणार होत्या. कसं सांगायचं, त्याची वाक्यं त्या लॅबला जाताना गाडीत म्हणून बघायच्या.

अंगठीची गोष्टही त्यांनीच सांगितली. गणपतीच्या आधीच्या शनिवारी मंडळाच्या एका काकूंकडे आठ-दहा जणी मोदक करायला जमायच्या. मावशी उकडीत हात घालण्याआधी बोटातली अंगठी काढायच्या आणि टेबलावर न ठेवता ओठांत धरायच्या. दोनशे मोदक होईपर्यंत तशीच. बाकीच्या चिडवायच्या, अगं ठेव की खाली, कोण पळवतंय! पण त्याच टेबलाभोवती गप्पा चालायच्या त्या तुमचं कुलदैवत कुठलं, तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, अशा. "तोंडात अंगठी असली का उत्तर द्या नाही लागत," मावशी मला गाडीत म्हणाल्या होत्या. "नुसतं हूं हूं केलं का झालं."

माझ्या निबंधाचा तिसरा परिच्छेद म्हणजे ही अंगठी. गाव बदललं, लॅबची शाळा केली, दोनशेचे शंभर केले. नाव घालण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण अंगठीला मी हात लावला नाही, कारण दोन पानांतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. आणि त्या परिच्छेदाच्या खाली मी काय लिहिलं होतं? की स्वतःबद्दल काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा असतो, आणि कायद्यानं तो जपला पाहिजे. हे लिहिताना मावशींना एक फोन करावा, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी त्यांच्यासाठी लढते आहे, अशी माझी समजूत होती.

लिहून झाल्यावर मी तो निबंध वाचायला दिला, ज्यांच्या घरी मोदक व्हायचे त्या काकूंना. त्यांचा मुलगा लॉ स्कूलला होता, आणि तेव्हापासून ट्रॉयमधल्या सगळ्या मराठी घरांचे अर्ज त्यांच्या स्वयंपाकघरातून जात. आमच्याकडे ही पद्धतच आहे. कुणाच्या मुलाचा निबंध चांगला उतरला की नाव पुसून पालकांच्या ग्रुपवर 'सॅम्पल' म्हणून टाकायचा, म्हणजे पुढच्या मुलांना उपयोग होतो. मला स्वतःला काकूंनी असे तीन सॅम्पल पाठवले होते आणि मी ते चवीनं वाचले होते. एका मुलाच्या आईला नैराश्य आलं होतं, ती आई कोण, तेही मी दोन मिनिटांत ओळखलं होतं. काकूंकडे गेलेला कागद कुठे जातो, ते मला माहीत होतं. ट्रॉयमध्ये हे माहीत नसलेलं कुणी नाही.

चार दिवसांनी काकूंचा मेसेज आला. "वाचून अंगावर काटा आला गं! ग्रुपवर टाकलाय. नाव काढलंय, डोन्ट वरी." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चार लोकांनी वाचावा असंच वाटत होतं. मावशी त्या ग्रुपवर आहेत, आणि त्यांची मुलगी त्याच वर्षी कॉलेजला अर्ज करते आहे, हे मला आठवायला पूर्ण एक मिनिट लागलं. मग मी काकूंना फोन केला, डिलीट करा म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच केला. पण मावशींनी तो आधीच मुलीला फॉरवर्ड केला होता. स्वतः न वाचता. 'बघ, चांगला आहे म्हणतात,' असं लिहून.

रविवारी मावशींनी बोलावलं. मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर माझी दोन पानं, प्रिंट काढलेली. मी लहानपणापासून बघितलेली मुलगी नव्हे ही, पण चार वर्षं मी तिला गणित शिकवलं होतं. ती मला ताई म्हणायची. त्या दिवशी ताई म्हणाली नाही. तिनं अंगठीच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत आईला विचारलं, माझ्यादेखत, बहुधा दुसऱ्यांदा, "मॉम, इज धिस यू?"

मावशींनी मान हलवली.

"देन माय एसे इज अ लाय." तिचा निबंध महिन्यापूर्वीच गेला होता, लवकरच्या मुदतीत, तिला सगळ्यात हव्या असलेल्या कॉलेजला. तो तिच्या कोकणातल्या पणजीबद्दल होता, पणजीपासून आईपर्यंत आलेल्या मोदकांबद्दल. ती पणजी कधी नव्हतीच. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "यू न्यू. एव्हरीबडी न्यू बट मी." आणि उठून वर गेली. नंतर कळलं, तिनं तो अर्ज स्वतः मागे घेतला. नंतरच्या मुदतीत दुसरीकडे अर्ज केले, नव्या निबंधासह, आणि तो आईला वाचू दिला नाही.

मी सॉरी म्हटलं. किती वेळा म्हटलं कोण जाणे. मावशी रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची पानं उचलली, सारखी केली, माझ्यासमोर ठेवली. "तिला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात," त्या म्हणाल्या. "मी सगळी वाक्यं तयार केली होती. तुझं आधी पोहोचलं." हे त्या शुद्ध पुणेरीत बोलल्या. काकवांशी बोलतात त्या भाषेत. कपाट उघडलं त्या दुपारनंतर माझ्याशी पहिल्यांदा. मी घरी येईपर्यंत गाडीत ओरडून रडले.

इथपर्यंतची चूक मी नकळत झाली असं म्हणून खपवू शकले असते. पुढची नाही. माझ्या मुदतीला आठ दिवस बाकी होते. मी तिसरा परिच्छेद काढला आणि निबंध वाचला, तर ते पुन्हा परिपत्रक झालं होतं. त्याच्या जागी स्वतःचं काहीतरी लिहून बघितलं, आडनाव सांगत फिरण्याबद्दल. बरं होतं, पण अंगठीइतकं नव्हतं. मावशींना विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, किंवा त्याहून वाईट, हो म्हणाल्या असत्या. शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, ऑफिसमध्ये सीटच्या सांगाड्यांशेजारी बसून, मी परिच्छेद परत घातला आणि अर्ज पाठवून दिला. मग सँडविच खाल्लं. तेही संपवलं, हे मला आठवतं.

प्रवेश मिळाला, दोन्हीकडे. विभागाच्या पत्राखाली त्या प्राध्यापक बाईंनी हातानं एक ओळ लिहिली होती: अंगठीवाल्या त्या स्त्रीला मी विसरू शकत नाही. बाबांनी ते पत्र नागपुरात कितीजणांना दाखवलं देव जाणे. मी मावशींना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, 'अभिनंदन.' एवढंच. ऑगस्टमध्ये मी विद्यापीठाच्या गावी राहायला गेले, तासाभराच्या अंतरावर. पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक फॉर्म तयार करायला सांगितला: ज्याच्याबद्दल लिहिणार त्या माणसाची परवानगी कशी घ्यायची, कोणत्या शब्दांत, सही कुठे. माझा फॉर्म वर्गात सगळ्यात चांगला ठरला. मावशींची मुलगीही त्याच आठवड्यात टेक्सासला कॉलेजला गेली असं मी काकूंकडून ऐकलं, आणि मावशी एकट्याच राहिल्यात हेही.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी काकूंनी मलाही बोलावलं. "अगं, आपल्यातली वकील होणार तू, ये की!" मावशी येणार नाहीत असं धरून मी गेले. त्या आल्या होत्या. टेबलाच्या त्याच टोकाला बसल्या होत्या. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या, लिफ्टमध्ये शेजाऱ्याकडे बघून हसावं इतपतच. डिलीट व्हायच्या आत ग्रुपवर तो निबंध सगळ्यांनीच वाचला होता. कुणी काही विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी कुणी कोकणाचं नावही काढत नव्हतं. एक काकू मावशींच्या उकडीकडे बघून "छान" म्हणाल्या आणि थांबल्या.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून नुकतीच बदली होऊन आलेली एक बाई होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं खोबरं ढवळता ढवळता मावशींना सहज विचारलं, "काकू, तुमच्याकडे गौरी कशा बसवतात हो, खड्यांच्या की मुखवट्यांच्या?"

सगळे हात थांबले. मावशींनी बोटातली अंगठी काढली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी ती पिठाच्या परातीशेजारी टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि उकडीचा गोळा हातात घेतला.

"हिला विचारा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हिनं सगळं लिहून ठेवलंय."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. फ्रिस्कोवाली बाई हसून वाट बघत होती. माझं तोंड मोकळंच होतं, आणि मी नुसतं हूं हूं केलं.