बिकर्डेलच्या थांब्यावरची डोरा

बिकर्डेलचा मोटारवे-थांबा १९६३च्या ऑक्टोबरात उघडला आणि डोरा हार्गरीव्ज पहिल्या दिवसापासून तिथे होती. तेव्हा मोटारींचा तो वेगवान रस्ता इतका नवा होता की लोक कुठे जायचं नसतानाही तो बघायला यायचे. दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरून पुलासारखं आडवं गेलेलं काचेचं रेस्टॉरंट होतं. रविवारी मंडळी ठेवणीतले कपडे घालून तिथे बसत आणि पायाखालून सुसाटणाऱ्या मोटारी बघत भाजलेलं मांस नि मटार खात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेट्रोलचे पंप होते, स्वच्छ संडास होते, तान्ह्या मुलांना पाजायला वेगळी खोलीसुद्धा होती. आणि मागच्या अंगाला, काचेतून दिसणार नाही असं, ट्रकवाल्यांचं कॅन्टीन होतं. डोरा त्या कॅन्टीनची मुख्य. मी पडेल ते काम करायचो. नळ दुरुस्त कर, पाटी लाव, बर्फ उपस.

डोरा चाळिशीची, हाडापेराने मोठी, आवाज खणखणीत. ट्रकवाल्यांना ती अंडी नि बटाटे वाढता वाढता शिव्या घालायची आणि तेही तिच्याकडून शिव्या खायलाच यायचे. लग्न केलेलं नव्हतं. घरी फक्त वडील, वॉल्टर. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. छातीत धूळ बसलेली, दहा पावलांवर दम लागायचा.

सातव्या हिवाळ्यात एका सकाळी तिने मला कॅन्टीनच्या मागच्या दाराशी बोलावलं.

"अल्फ, इकडे ये. ते बघ काय आहे."

समोर बस उभ्या करायची मोकळी जागा होती. रात्रभर बर्फ पडून ती पांढरीशुभ्र झाली होती. फक्त मधोमध एक गोल काळा राहिला होता, साधारण खोलीएवढा. ओलं डांबर चकाकत होतं आणि त्यावर पडणारा बर्फ टेकताक्षणी विरघळत होता.

"खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल," मी म्हणालो.

"पाइप तूच टाकलेस ना सगळे? मग सांग, जातोय का?"

जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वॉल्टरला कामगारांच्या गाडीतून घेऊन आली. म्हातारा काठी टेकत त्या काळ्या गोलापासून वीसेक पावलांवर थांबला, तो पुढे सरकेचना.

"बाबा, जवळून बघा की."

"मला इथूनच दिसतंय," तो म्हणाला. "लेडी अ‍ॅन नावाच्या खाणीत उतरायची विहीर आहे ही. सरळ खाली, पाचशे फूट. खालची उबदार हवा वर येतेय."

"विहीर बुजवली असेल ना, काका?" मी विचारलं.

"बुजवली कसली! बत्तीस साली खाण बंद झाली. तोंडावर ओंडके आडवे टाकले, वर माती लोटली. टाकणाऱ्यांत मी होतो." तो बराच वेळ खोकला. "मुकादम म्हणाला, तात्पुरतं आहे, मागून पक्कं करू. मागून कोणी आलंच नाही. आणि लाकूड ते लाकूड. आतून ओल, वरून तुमच्या बसगाड्या."

डोरा तडक सेल्विनसाहेबांकडे गेली. सेल्विन आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर असेल तेवढंच जग मानायचा. त्यांनी नकाशा पसरला. नकाशात लेडी अ‍ॅनची विहीर कुंपणापलीकडे होती, दोनशे पावलं दूर, मेंढ्यांच्या कुरणात.

"तुमच्या वडिलांचं वय काय, मिस हार्गरीव्ज?"

"वयाचा काय संबंध? ओंडके त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकलेत."

तरी साहेबांनी वर कळवलं, तेवढं मान्य केलं पाहिजे. कंपनीचा एक इंजिनिअर आला, लोखंडी सळई चार फूट ठोकली, कडक लागलं म्हणाला, चहा पिऊन गेला.

उन्हाळा आला. मुसळधार पाऊस पडला की सगळ्या आवारात डबकी साचायची, पण तिथे थेंब राहायचा नाही. ऑगस्टमध्ये ढग दाटून आले, हवा जड झाली, अशा एका दुपारी एक ड्रायव्हर बसचं चाक बघायला तिथे पालथा झोपला. अंधारात दिसेना म्हणून त्याने काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वारा अजिबात नव्हता. तो उठला तेव्हा डोकं धरून उठला, आणि कॅन्टीनमध्ये येऊन म्हणाला, "गरगरतंय गं, डोरा. काहीतरी गोड दे."

डोराने त्याला साखर घालून चहा दिला. आणि काड्या कशा विझल्या ते त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. खाणीतली मेलेली हवा ज्योत विझवते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी फुटबॉलचा मोठा सामना होता. चौदा बसगाड्या दुपारी बाराला येणार होत्या. अकरा वाजता डोराने कॅन्टीनमधल्या वीस खुर्च्या बाहेर नेल्या, त्या जागेभोवती गोल मांडल्या आणि एका खुर्चीवर स्वतः बसली. झगा, टोपी, सगळ्यासकट.

सेल्विनसाहेब धावत आले. "हा काय तमाशा?"

"इथे आज गाडी लागणार नाही."

"मिस हार्गरीव्ज, चौदा गाड्या मी काय डोक्यावर उभ्या करू? उठा."

"नाही उठत."

"मग सोमवारपासून यायचं नाही. आणि अल्फ, या खुर्च्या आत ने."

मला तेव्हा दोन मुलं होती, तिसरं वाटेवर होतं. मी खुर्च्या उचलल्या. डोराची शेवटची राहिली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. ती उठली आणि खुर्ची तिने स्वतःच आत नेली.

बाराला गाड्या आल्या. पोरं गाणी म्हणत, मफलर फडकावत कॅन्टीनमध्ये घुसली. बरोबर त्या जागेवर एक हिरवी बस लागली. तिचा ड्रायव्हर, क्लिफर्ड टट्टरसॉल, मागच्या बाकावर आडवा होऊन तोंडावर पेपर घेऊन पडला. डोराने खिडकीतून ते बघितलं. नोकरी गेलेली होती, कोट अंगात घालून झाला होता. ती घरी न जाता सरळ बसमध्ये चढली.

मी कॅन्टीनच्या मागच्या दारात होतो, बसच्या खिडक्या उघड्या होत्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"उठा हो, चहा प्यायला चला."

"नको बाई, दहा मिनिटं डोळा लागू दे."

"माझा इथला शेवटचा दिवस आहे. एकटीने चहा प्यावा लागला तर मला फार वाईट वाटेल."

"काय जबरदस्ती आहे!" असं म्हणत, कुरकुरत, एक बूट हातात घेऊन तो उतरला. दोघं कॅन्टीनच्या पायऱ्यांपर्यंत पोचली. क्लिफर्ड बूट चढवायला वाकला आणि तेवढ्यात जमिनीतून आवाज आला. मोठा नव्हता. जुनं दार कोणीतरी आतून सावकाश उघडावं तसा. बसचा मागचा भाग खाली बसला, पुढची चाकं हवेत उचलली गेली, आणि बस उभीच्या उभी आत गेली. काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खालून पाण्याचा आवाज आला.

कॅन्टीनमधलं गाणं थांबलं. क्लिफर्डचा बूट हातातच राहिला. डोरा मोठ्याने ओरडत होती, "मागे व्हा! सगळे मागे! कडेला कोणी जाऊ नका!" पोरं मुकाट मागे झाली.

चौकशी झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. सेल्विनसाहेबांची बदली झाली. जाण्याआधी ते डोराच्या घरी गेले, टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले, पण बोलले काय ते तिने कधी सांगितलं नाही. विहिरीत शेकडो ट्रक काँक्रीट ओतलं. कंपनीने डोराला परत बोलावलं, मोठ्या हुद्द्यावर. ती आलीही.

नाताळाच्या आधी वॉल्टर अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो. डोरा उशाशी बसून त्याला सूप भरवत होती. तिने आनंदाने सांगितलं, "बाबा, विहीर पक्की बुजवली बरं. तुमच्या जिवाला आता घोर नको."

म्हाताऱ्याने चमचा बाजूला सारला. "कुठली बुजवली?"

"लेडी अ‍ॅनची. दुसरी कुठली?"

"एका विहिरीवर खाण चालते का, पोरी? कायद्याने दोन लागतात. एक उतरायला, एक हवेला."

डोराने माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "हवेची कुठे होती?"

"ती मी कामाला लागायच्या आधीच झाकली होती, मग हवा शेजारच्या खाणीतून घ्यायचे. जुने लोक हात करून दाखवायचे. त्या बाजूला." त्याने चादरीतून हात बाहेर काढला, पण तो अंथरुणात होता, खिडकी बंद होती, त्या हाताला दिशा नव्हती. चार दिवसांनी तो गेला.

कंपनीने या वेळी टाळाटाळ केली नाही. सोळा ठिकाणी खोल भोकं पाडली. पंपांजवळ, ट्रकच्या तळावर, रेस्टॉरंटच्या खांबांपाशी. सगळीकडे दगड लागला. काम संपल्याचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात डोराने राजीनामा दिला. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. क्लिफर्ड दर नाताळला तिला भेटायला जायचा, केक घेऊन. पण मोटारवेवरून ती पुन्हा कधी गेली नाही; बहिणीकडे जायचं तरी आगगाडीने.

मी राहिलो, आणखी बावीस वर्षं. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिथे नवं हॉटेल उठत होतं, चार मजली. भरलेली ट्रॉली घेऊन एक मजूर माझ्या बाजूने गेला आणि मी त्याला विचारलं, "पाणी लागलं का रे, खणताना?"

"नाही हो," तो म्हणाला. "उलट कोरडं ठाक आहे. कितीही पाऊस पडू दे, सगळं जिरून जातं."