चावी काढल्यावरही
चावी काढली की ट्रक बंद पडतो, असं समजणारी शहाणी मी! परवा नातवाचे जुन्या ट्रकांचे शौकीन मित्र जमले, डिझेलचा वास आला आणि मारेगावची ती दुपार आठवली. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, नुकतेच वारले होते. बॅटरी उतरू नये म्हणून दिराने त्यांचा ट्रक सुरू करून ठेवलेला. सासूबाई आवाजाने रडतील म्हणून मी लुगडं खोचून चढले, चावी काढून खाली उतरले. ट्रक धडधडतच राहिला. रिकाम्या सीटपुढे स्टिअरिंग थरथरत होतं. “मामाजी आले!” मी किंचाळले. दीर हसला, “वहिनी, डिझेलची गाडी हाय. चावीनं नाही, आतला खटका ओढला का बंद होते.” त्याने आत घातलेला हात माझ्या ओरडण्याने बाहेर आलेल्या सासूबाईंनी धरला आणि त्या मला म्हणाल्या, “राहू दे, सूनबाई. आले असतीन, त बसू दे त्यायले घडीभर.”