सीट नसलेली मोटारसायकल

आमच्या घरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी मामाजींना विचारावं लागतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टिअरिंगमागे काढली, त्यामुळे कुठल्याही इंजिनाचा आवाज ऐकून त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगतात. मी मात्र विचारायला घाबरत होते. मला हवी होती ती गाडी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, आणि मी छत्तीस वर्षांची, अमरावतीत औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी त्यांची सून होते.

हे वेड लागलं चांदूर बाजारच्या रस्त्यावर. माहेराहून स्कूटीवर परत येत होते. पुलाखाली, नदीच्या कोरड्या पात्रात चार-पाच जण मोटारसायकलवर उभे राहून मोठमोठ्या धोंड्यांवर चढत होते. माणूस चालेल तेवढाच वेग, कुणाला कसली घाई नाही. मी स्कूटी लावून खाली उतरले. त्यांच्यात शाळेत पीटी शिकवणारे एक सर होते. त्यांनी समजावलं की ही शर्यत नाही, याला ट्रायल्स म्हणतात. आखून दिलेल्या वाटेनं पाय न टेकवता पार व्हायचं. पाय टेकला की गुण चढतो, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. "चालवून पायता का?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. वाळूत सात वेळा पडले. घरी गेले तेव्हा केसांत वाळू होती आणि मी फार खूश होते.

पुढचे चार महिने दर रविवारी मी तिथेच असायचे. शेवटी सर म्हणाले, "आता तुमची स्वतःची पाहा. पहिली आहे, तर लहान इंजिनाची घ्या. आन् गाडी गार असतानाच किक मारून पाहा, गरम इंजिन काई खरं सांगत नाही."

मामाजींना मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"याची सीट कुठी गेली?"

"सीट नसतेच मामाजी. उभं राहूनच चालवतात."

"उभं राहून," ते म्हणाले. मग फोन परत देत, "कवा जाचं पाहाले?"

पहिली गाडी अकोल्यात होती. बांधकामाची कामं घेणाऱ्या एका तरुणाची. लाल-पांढरी, चकचकीत, इंजिन मोठं. मला ती बघताक्षणी आवडली. मामाजींनी इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आमी येणार म्हून तापवून ठेवली काय?"

तो हसला. "सकाळी चक्कर मारून आलो काका."

"कपडे तर इस्त्रीचे दिसून राहिले तुये."

तो पुन्हा हसला, पण जरा कमी. मी म्हटलं, चालवून तर पाहू. त्याच्या अंगणातच गाडीवर चढले, क्लच सोडला आणि पुढचं चाक सरळ आभाळाकडे गेलं. गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. नशिबानं तिथे वाळूचा ढीग होता. मामाजींनी आधी माझं कोपर पाहिलं, मग गाडी उचलायला लावली. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत मी कोपरच चोळत होते. मला वाटलं होतं, आता ते म्हणतील की पुरे झालं हे.

"गाडी चांगली हाय," ते म्हणाले. "पन थे तुले चालवन, तू तिले नाही. दुसरी पाहू."

दुसरी वरूडला मिळाली. संत्र्याची पॅकिंग शेड चालवणाऱ्या एका बाई विकत होत्या. वय पन्नाशीचं, लुगडं खोचलेलं, हातात खोके मोजायची वही. मी विचारलं, गाडी कुणाची? "मायीच," त्या म्हणाल्या. दहा वर्षं त्यांनी शेतातल्या नाल्यात चालवली होती. आता गुडघा ऐकत नव्हता.

गाडी लहान इंजिनाची, रंग उडालेला, इंजिनाखालच्या प्लेटवर धोंड्यांचे पोचे. मामाजींनी हात लावला; इंजिन गार होतं. ते वाकायच्या आतच बाई बोलायला लागल्या. "पुढच्या शॉकअपमधून तेल झिरपते. थंडीत क्लच चिकटते, चार किका माराव्या लागते. हँडल जरासं वाकडं हाय, थे मी पडली तवाचं. बाकी इंजिनाले कोनी हात नाही लावला." मामाजींनी तरी मागचं चाक धरून हलवलं, चेन ओढून पाहिली, स्पोकवर नखानं टिचकी मारत गेले. एकही खोट त्यांना वेगळी सापडली नाही. ते थोडे नाराज झाल्यासारखे वाटले.

"काय घेसान मंग?" त्यांनी विचारलं.

"थे मागून. आधी पोरीले चालवू द्या," बाई म्हणाल्या. "कोनालेबी नाही देत मी हे गाडी."

त्यांनी शेडच्या अंगणात दोन रिकामे क्रेट ठेवले आणि मला त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला सांगितला, जमेल तेवढा हळू. चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. संत्री भरणाऱ्या बायका हातातलं काम टाकून ओळीनं उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीत माझा पाय तीनदा टेकला.

"खाली चाकाकडं काहून पायतं?" बाई ओरडल्या. "जथी जाचं तथी पाह्य."

मी मान वर केली. दुसऱ्या फेरीत पाय एकदाच टेकला. तिसऱ्या फेरीत क्लच माझ्या बोटांना समजायला लागला. गाडी दचकत नव्हती. मी मागितलं तेवढंच देत होती. थांबले तेव्हा बाईंनी मामाजींना चहा सांगितला, आणि मला कळलं की गाडी माझी झाली.

तिला नंबरप्लेट नाही, रस्त्यावर आणता येत नाही. बाईंनी ती त्यांच्याच पिकअपमध्ये, संत्र्यांच्या क्रेटना दोरीनं बांधून अमरावतीला पाठवली. आठवडाभर तिला संत्र्यांचा वास येत होता. शॉकअपची सील मामाजींनी स्वतः बदलली. हँडल मात्र मी तसंच राहू दिलं. मला त्याची सवय झाली होती.

दिवाळीनंतर नदीच्या पात्रात सरांनी छोटीशी स्पर्धा ठेवली. गुण लिहायला माणसं कमी पडली, तेव्हा मामाजींच्या हातात कार्ड आणि पेन दिलं. ते ज्या धोंड्यापाशी उभे होते तिथे पहिल्या फेरीत माझा पाय जरासा घासला.

"टेकला नाही मामाजी, लागला फक्त."

"टेकला. म्या पायला."

त्यांनी एक गुण लिहिला. दुसऱ्या फेरीत दोन लिहिले. बाकीचे लोक हसत होते, ते नव्हते. त्या दिवशी मी शेवटून दुसरी आले. पण शेवटच्या फेरीत त्याच धोंड्यावर मी चढले, वर क्षणभर थांबले आणि पाय न टेकवता पलीकडे उतरले. मागे वळून पाहिलं. मामाजींनी कार्डावर सावकाश शून्य काढलं, त्यावरून पेन दुसऱ्यांदा फिरवलं आणि म्हणाले, "चाल, सरक पुढं. मांगची गाडी खोळंबली."