तोंड वाकडं करायचं नाही

"पी," साहेब म्हणाला.

माझ्या हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला होता. पेल्यात आमच्या आडाचं पाणी आणि पाण्यावर घासलेटाचा तवंग. उन्हात तो तवंग निळा-जांभळा दिसायचा. लहान होते, मला तो रंग आवडायचा.

साहेब कडुलिंबाखाली खुर्चीवर बसला होता. गोरा नव्हता. आपल्यातलाच, म्हणजे त्यांच्यातला. घासलेटाच्या कंपनीनं त्याला सिकंदराबादहून पाठवला होता. कोट, बूट, नाकाला रुमाल. रुमाल वासासाठी होता की आमच्यासाठी, कोण जाणे. त्याच्या एका बाजूला वखारीचा मुनशी, दुसऱ्या बाजूला पाटील. आमची माणसं लांब उभी, हात जोडून. मी मधोमध. दहा-अकरा वर्षांची असेन. आमच्यात जन्माची तारीख कोण लक्षात ठेवतंय.

"पी की. बघू आम्ही."

मी प्याले. सगळा पेला रिकामा केला. जीभ जळाली, घसा जळाला, नाकातून वाफ आल्यासारखं झालं. पण तोंड वाकडं केलं नाही. डोळासुद्धा हलू दिला नाही.

साहेब मुनशीकडं वळला. "बघितलंत? पोरगी आरामात प्याली. पाणी बरं आहे."

झालं. आमच्या आडाचा निकाल लागला.

आता हे असं का झालं ते सांगते.

हिंगोलीच्या स्टेशनापलीकडं चढावर कंपनीची वखार होती. रेल्वेनं तेल यायचं, मोठ्या लोखंडी टाकीत उतरायचं, मग पत्र्याच्या डब्यांत भरून बैलगाड्यांनी सेनगावकडं, गोरेगावकडं जायचं. त्या टाकीचं बूड गंजलं. तेल किती दिवस मुरमात झिरपत होतं, कंपनीलाही कळलं नाही. चढाच्या खाली पाटलाचा मळा. मळ्याच्या खाली आमचा महारवाडा. तेल वरून खाली आलं. तेलाला जात नसते, ते आधी पाटलाच्या विहिरीत गेलं आणि मग आमच्या आडात.

आड आमच्या आज्यानं आणि त्याच्या भावांनी खोदलेला. पहारीनं, छिन्नीनं, रात्रीच्या वेळी, दिवसाची वेठ संपल्यावर. त्याआधी आमच्या बाया गावच्या विहिरीच्या कडेला घागर घेऊन बसायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. नाही आली तर बसून राहायचं. आईनं ते बसणं बघितलं होतं. ती म्हणायची, आडाला पाणी लागलं त्या दिवशी आजा रडला, हसला नाही. आमच्याकडं जमीन नव्हती, बैल नव्हता, दाराला कडी नव्हती. पाणी तेवढं आमचं होतं. कुणाला न विचारता प्यायचं पाणी.

त्या उन्हाळ्यात भाकरीला घासलेटाचा वास यायला लागला. डाळीला यायला लागला. मग आडातली बेडकं वर आली, पोटं फुगवून. लोकांनी मुनशीकडं जाऊन सांगितलं. मुनशीनं ऐकून घेतलं. पाटलानंही सांगितलं. मग साहेब आला.

साहेब आधी पाटलाच्या मळ्यात गेला. आम्ही पोरं बांधाच्या अलीकडून बघत होतो. विहिरीचं पाणी हौदात काढलं. पाटलाचा पवळ्या नावाचा बैल होता, त्याला आणून हौदाशी उभा केला. पवळ्यानं हुंगलं. फुर्र केलं. आणि तोंड फिरवलं. गड्यानं कासरा ओढला, पवळ्यानं पुन्हा तोंड फिरवलं. साहेबानं मान हलवली. "जनावर पीत नाही म्हणजे पाणी खराब आहे. कंपनी तुम्हाला नवी विहीर बांधून देईल, पाटीलसाहेब."

मग तो आमच्याकडं आला. पाणी तपासायचं कसं, हा प्रश्न पडला. साहेब आमचं पाणी तोंडाला लावणार नाही. मुनशी लावणार नाही. पेला आमचा, दोर आमचा, हात आमचा. जवळ घेऊन हुंगायलाही कुणी तयार होईना.

माझा बाप खाली वाकून म्हणाला, "सायेब, त्योच बैल आमच्या आडावर आणून बघा की. बैल खोटं न्हाई करत."

पाटील फिस्सकन हसला. "माजा बैल म्हारवाड्यात पानी पिनार? तुज्या पोरीच्या लगनात बी नाचवू का त्याला?"

सगळे हसले. बापही हसला. त्याचा हात पाटलाच्या दगडाखाली होता, वर्षभराचं काम त्याच मळ्यात. न हसून सांगतो कुणाला?

साहेब वैतागला होता. ऊन वाढत होतं. त्यानं माझ्याकडं बोट केलं. पाणी मीच शेंदलं होतं, पेला माझ्याच हातात होता. "ही पोरगी पिऊ दे. लेकरं खोटं बोलत नाहीत. तिच्या तोंडावरच कळेल."

बाप माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "पी माय. सायबाला दिसू दे."

त्याला वाटलं, मी पिईन, ओकेन, साहेब बघेल आणि न्याय होईल. बापाचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या तोंडाचं शिक्षण त्यानं केलं नव्हतं. ते आईनं केलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी मी पाटलाच्या मागच्या दाराशी भाकर मागायला गेले होते. पाटलीणबाईनं टोपलीत शिळी भाकर टाकली, वर आंबलेलं वरण ओतलं. वासानं माझं तोंड वाकडं झालं. मुद्दाम नाही, आपोआप. पाटलीणबाई म्हणाली, "बगा बगा, म्हाराच्या पोरीचं त्वांड बगा! खायला न्हाई आन् नाक किती!" टोपली तिनं माझ्याच हातानं म्हशीपुढं उपडी करायला लावली. पुढं कितीतरी दिवस त्या दारातून आम्हाला काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे काय, ते ज्याच्या पोटाला माहीत त्यालाच माहीत.

आईनं मला मारलं. नंतर जवळ घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागली. लिंबाचा पाला आणायची, एक पान माझ्या जिभेवर ठेवायची आणि समोर बसायची. "चाव. त्वांड हलवायचं न्हाई." तोंड हललं की अजून एक पान. रोज संध्याकाळी. मी शिकले. कडू असो, आंबट असो, नासकं असो, माझा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा सपाट राहायला लागला. आई खूश झाली. आता माझी लेक उपाशी मरायची नाही, असं ती शेजारणीला सांगायची.

म्हणून साहेबासमोर मी तशी प्याले. पुढ्यात कोटवाला माणूस, बाजूला पाटील. मोठ्या माणसानं दिलं की तोंड वाकडं करायचं नाही. मला दुसरं काही येतच नव्हतं.

नंतर घराच्या मागं जाऊन ओकले. कुणाला दिसू नये म्हणून मागं. रात्रीपर्यंत ओकत होते. आईनं पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "शानी माजी बाई. त्वांड हालवलं न्हाईस."

तिला अजून कळलं नव्हतं. मलाही नाही. बाप मात्र दाराबाहेर बसून राहिला. आत आला नाही, जेवला नाही.

पाटलाला विहीर मिळाली. दगडानं बांधलेली, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यासह. टाकीला नवं बूड बसलं. आम्हाला कंपनीनं मेहरबानी केली. घासलेटाचे रिकामे डबे दिले. "वास उडून जाईल," मुनशी म्हणाला, "तोवर नदीचं पाणी आणा याच्यात." आम्ही कयाधूच्या वाळूत झिरे उकरायचो आणि त्याच डब्यांतून पाणी आणायचो. डब्यांना घासलेटाचा वास. म्हणजे आडातलं घासलेट सोडून डब्यातलं घासलेट प्यायला लागलो. मुनशी गावभर सांगत हिंडला, कंपनीनं सगळी भरपाई केली, कुणाचं काही ठेवलं नाही.

त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण जुलाबानं गेली. झिऱ्याच्या पाण्यानं गेली, डब्यानं गेली की तशीच जायची होती, कोण सांगणार? तिची भरपाई कुणी मागितली नाही. आम्हीसुद्धा नाही. मागता येते, हेच माहीत नव्हतं.

मी रडले नाही. लोक म्हणायचे, पोरगी दगडाची आहे. खरंच काही वाटत नव्हतं. चेहरा सपाट ठेवता ठेवता आतलंही सपाट होत गेलं असावं. सासरी जायची वेळ आली नाही. भाऊ नव्हता, म्हणून बापानं घरजावई आणला. नवरा वखारीवर डबे भरायला लागला. मी पाटलाच्या मळ्यात खुरपायला.

तिथं एका दुपारी नव्या विहिरीच्या हौदावर पवळ्या पाणी पीत होता. म्हातारा झाला होता. पाटलीणबाईनं गड्याकडून त्याच्यापुढं सरकीची पेंड ठेवली. पेंडीला बुरशी आली होती. पवळ्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाटलीणबाई गड्याला ओरडली, "आरं, त्यो खाईना, दिसून न्हाई राहिलं का? दुसरी आन."

मी खुरपं घेऊन तिथंच उभी राहिले. त्या बाईनं मला म्हशीइतकंही विचारलं नव्हतं, आणि बैलानं नुसतं तोंड फिरवलं की दुसरी पेंड येत होती. त्याच्या नाकात वेसण होती, गळ्यात कासरा होता, तरी त्यानं तोंड फिरवलं होतं, तेव्हाही आणि आजही. मला कुणी बांधलेलं नव्हतं. मी प्याले होते. सगळा पेला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला राग आला. आईचा आला, साहेबाचा आला, माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला.

त्यानंतर पाटलाच्या मागच्या दाराशी मी गेले नाही. माझ्या लेकीलाही जाऊ दिलं नाही. आई तिच्यासाठी लिंबाचा पाला घेऊन आली तेव्हा मी तो चुलीत टाकला. आई म्हणाली, "पोरगी उपाशी मरंल." मी म्हटलं, "मरू दे. पन त्वांड तिचं राहू दे."

मग निजामाचं राज्य गेलं. गावात झेंडा लागला, गूळ वाटला. आमच्या वस्तीपर्यंत गूळ आला नाही, बातमी आली. आणि काही दिवसांनी कंपनीचा नवा साहेब आला. तरुण होता, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं गोड. मुनशी तोच, दात पडलेला. जुन्या टाकीशेजारी अजून मोठी टाकी बसवायची होती. साहेबानं सगळ्यांना बोलावलं. त्याच लिंबाखाली, खुर्चीवर. पाटीलही होता.

"तुमची काही हरकत नाही ना?" साहेब म्हणाला.

माझा बाप थकला होता, तरी उठून बोलला. "सायेब, जुन्या टाकीनं आमचा आड गेला. आजून वास येतो. आदी त्याचं बगा."

साहेबानं मुनशीकडं बघितलं. मुनशी हसत म्हणाला, "त्याचं तेव्हाच झालंय, साहेब. मागच्या साहेबांनी एका पोरीला पाजून बघितलं होतं. मजेत प्याली. हीच ती, बघा." त्यानं माझ्याकडं बोट केलं.

इतकी वर्षं माझा तो चेहरा कंपनीनं जपून ठेवला होता. आमच्या आडाविरुद्धची साक्ष म्हणून. मी जिवंत होते, समोर उभी होते, आणि माझीच साक्ष माझ्यावर चालत होती.

साहेब कनवाळू होता. "असं कशाला, पुन्हा बघू," म्हणाला. माझी लेक आडाशी उभी होती. तिलाच पाणी शेंदायला सांगितलं. तिनं पेला भरला. तोच, आता चेपलेला. "पी बाळ," साहेब म्हणाला, "घाबरू नको."

लेकीनं पेला नाकाशी नेला. तिचं नाक मुरडलं, ओठ वाकडे झाले. आपोआप. तिनं माझ्याकडं बघितलं. मागून आई दातओठ खात पुटपुटली, "त्वांड सरळ ठेव गं, सरळ ठेव!"

"न्हाई," मी म्हणाले. "त्वांड फिरव, बाई."

लेकीनं तोंड फिरवलं.

मी तिच्या हातातून पेला घेतला आणि खुर्चीपर्यंत गेले. इतकं जवळ आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. पेला साहेबाच्या पुढं धरला.

"तुमी प्या. सगळा प्या. आन् त्वांड वाकडं करू नका."

मुनशी किंचाळला, "अगं, साहेबांना तुमच्या हातचं चालतं का?"

"काहून? राज बदललं न्हव?"

साहेबानं पेला घेतला नाही. गोड बोलणं संपलं. तो उठला, रुमाल नाकाला लावला आणि गेला. पाटील जाताना बापाला म्हणाला, "लेक लई माजली तुजी." दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं वखारीतलं काम गेलं आणि माझं मळ्यातलं. आडाची भरपाई आली नाही. मोठी टाकी मात्र बसली.

आई म्हणाली, काय मिळालं? काही नाही मिळालं. मी खोटं सांगणार नाही.

आड आम्ही बुजू दिला नाही. पाणी प्यायच्या लायकीचं नाही, पण आहे. पेलाही आहे. कंपनीचा कुणीही माणूस वस्तीत आला की मी आधी आडावर जाते, पेला भरते आणि त्याच्यासमोर ठेवते. लेकीलाही तेच सांगून ठेवलं आहे, तिच्या लेकीला ती सांगेल. सरळ तोंडानं ते पाणी पिणारा माणूस कंपनीनं आणून दाखवावा. तोवर भरपाई झाली, असं आमच्या आडावर उभं राहून कुणी म्हणायचं नाही.