बोटांनी आवळलेला नट

बाबांच्या सायकलला कोणी उगीच हात लावलेला त्यांना खपत नसे. कलकत्त्याला बदली होऊन आल्यावर वर्षभरातच त्यांनी ती कुणा परतणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. इतरांच्या सायकलींना ब्रेकच्या लोखंडी कांड्या असत, हिला तारेचे ब्रेक होते. मूठ दाबली की तार ओढली जाई आणि चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा मिटे. पुढचा चिमटा एकाच बोल्टवर उभा होता. तो बोल्ट पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधून आरपार गेलेला आणि मागून एका नटाने अडवलेला. कचेरीला निघण्यापूर्वी बाबा तो नट रोज बोटांनी चाचपून बघत. आदल्याच संध्याकाळी स्वतः आवळलेला असला तरी बघत. मला वाटे, हा माणूस स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

कचेरीत ते नकाशे काढत. डोंगरांच्या रेषा, रस्ते, आणि त्यांच्या आवडीच्या नद्या. नदीची रेघ उगमापाशी केसासारखी बारीक आणि पुढे जाडसर, मध्ये कुठेही हात न थांबवता ओढायची असते, असं ते सांगत. घरी मात्र वाण्याची यादीसुद्धा आईच लिही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. तलवार-भाले आमच्यासारख्या नोकरदारांकडे कुठले असणार? चौरंगावर विळी, कात्री, आईची शिवणाची मोठी सुई, बाबांची कंपासपेटी आणि सायकलचे पाने मांडले जात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काहीही उचलायचं नाही, हा आईचा दंडक. त्या दिवशी भाजीसुद्धा हातानेच मोडायची. बाहेर दुर्गापूजेचे ढाक कानठळ्या बसवत असायचे. सबंध शहर देवीला बघायला निघालेलं आणि आम्ही तिघे पान्यांपुढे हात जोडून उभे. शेजारच्या बंगाली काकूंना याची भारी गंमत वाटे.

पूजेआधी बाबा सायकल उघडून एकेक भाग रॉकेलने धूत. त्या वर्षी ते हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, आणि त्यांच्या शेजारी बसून सगळं पाहिलेली. मी करते म्हणाले. तापातही त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

सकाळपासून मी गच्चीवर बसून सायकल पुसली. मागचं सगळं झालं. पुढचा चिमटा शेवटी बसवायला घेतला, बोल्ट घातला, नट बोटांनी फिरवत नेला आणि पान्यासाठी हात मागे केला, तर पाने तिथे नव्हते. नैवेद्याची वेळ टळेल म्हणून आई सगळे घेऊन गेली होती. मी खाली धावले तेव्हा पान्यांवर हळदकुंकू पडलं होतं, वर झेंडूचं फूल होतं. एकच पाना दोन मिनिटांसाठी दे, असं मी म्हणाले. आईने मान हलवली. पूजा तुझ्यासाठी थांबत नसते, उद्या काय ते आवळ, म्हणाली. मी चरफडत वर गेले आणि बोटांत होता नव्हता तेवढा जोर लावून नट आवळला. हलवून पाहिला, हलला नाही. उद्या उत्तरपूजेनंतर पहिलं काम हेच, असं ठरवलं आणि सायकल खाली नेऊन जिन्याखाली ठेवली.

संध्याकाळी बाबांनी अंथरुणातून विचारलं, सायकल झाली का. मी म्हणाले, झाली.

हे मी का म्हणाले, याचा मी आजवर शंभरदा विचार केला आहे. खोटं बोलायचं मनात नव्हतं. पहिल्यांदाच सोपवलेलं काम अर्धवट राहिलं हे सांगायची लाज वाटली, एवढंच. आणि आईची तक्रार केल्यासारखं झालं असतं. शिवाय तीन दिवसांच्या तापातून उठून कोण सायकल चालवणार आहे?

दसऱ्याला पहाटे बाबांचा ताप उतरला. मी न्हाणीघरात केस धूत होते. कांचनाची मधोमध दुभंगलेली पानं आम्ही आपट्याऐवजी सोनं म्हणून वाटत असू. ती पिशवीत घालून रेल्वेच्या पुलापलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध मराठी गृहस्थांना द्यायला बाबा सायकलवरून निघून गेले. चौरंग अजून हललेला नव्हता. मी बाहेर आले तेव्हा जिन्याखालची सायकलची जागा रिकामी होती.

मी ओल्या केसांनी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पळत गेले. मग परत आले. आईला काही सांगितलं नाही. बाबा निघताना बोट लावून बघतील, त्यांना कळेल, ते खाली उतरून चालू लागतील, असं मनाशी म्हणत बसले. देवापुढे बसले होते, पण देवाचं नाव तोंडात आलं नाही. नट, नट, एवढंच येत होतं.

तासाभराने गल्लीतल्या दोघांनी निरोप आणला. ट्रामच्या रुळांवर आणि दगडी रस्त्यावर हादरे खात नट कुठेतरी गळून पडला होता. पुलाचा उतार लागला, बाबांनी ब्रेक दाबला, आणि सुटलेला चिमटा फिरत्या चाकात ओढला गेला. चाक जागच्या जागी अडकलं. बाबा हँडलवरून पुढे फेकले गेले आणि उजव्या कोपरावर पडले. सायकल त्या दोघांनी उचलून आणली होती. फोर्कमधल्या भोकातून पलीकडचं दिसत होतं.

इस्पितळात आई डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली, तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी ट्रामने गेलो असतो."

रागाने म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते समजावून सांगावं तसं म्हणाले. तू झाली म्हणालीस म्हणून आज मी बोट लावलं नाही, हेही त्याच आवाजात सांगितलं. मग आईची चाहूल लागली तसे घाईने म्हणाले, "तिला मी कुत्रं आडवं आलं असं सांगितलंय. तसंच राहू दे. पाना दिला नाही म्हणून ती जन्मभर स्वतःला खाईल."

म्हणून मला गुन्हा कबूल करायचीही सोय उरली नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कुत्र्याची गोष्ट सांगे आणि मी शेजारी बसून ऐके. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, ते काय असतं हे मला तेव्हा समजलं.

हाड जुळलं, पण उजव्या हाताच्या दोन बोटांत पुन्हा जीव आला नाही. कचेरीत त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. रेघ मध्येच थरथरे. शेवटी त्यांना टपालाच्या आवक-जावक नोंदींवर बसवलं. पगार तोच होता. घरी आल्यावर कधी कधी ते कोऱ्या कागदावर डाव्या हाताने नदी काढून बघत आणि कागद चुरगाळून टाकत. मी समोर असले की बघत नसल्यासारखं करी.

पुढच्या खंडेनवमीला सायकल मीच उघडली. या वेळी सगळे नट पान्याने आवळले, दोनदा. मग पाने स्वतः नेऊन चौरंगावर ठेवले. आई हळदकुंकवाची वाटी घेऊन बसली. बाबांनी मला विचारलं, सायकल झाली का. मी झाली म्हणाले. ते उठले, सायकलपाशी उकिडवे बसले आणि डाव्या हाताची बोटं पुढच्या नटावर ठेवून तो हलतो का ते बघू लागले.

 तपासत होते ते योग्यच होतं आणि तरीही मला फार लागलं. डाव्या हाताने त्यांना नीट जमत नव्हतं, वेळ लागत होता. नैवेद्य निवत चालला होता. बाबांना हाक मारावी म्हणून मी वळले, तर आईने माझं मनगट धरलं.

"बघू दे ह्यांना," ती म्हणाली. "पूजा थांबेल."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. हळदकुंकवाची वाटी तिने खाली ठेवली होती.