तिसऱ्या ओळीतला डावा हात

या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव वाचून झाला की मनातल्या मनात त्याचा उलगडाही करून टाकते... वारा असेल, झोप अपुरी असेल, घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं. आमच्या घरी देवाला नमस्कारसुद्धा परीक्षेपुरता. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतंय. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी लिहायची सवय कमी. सांभाळून घ्या.

मी तेव्हा एस.वाय.ला होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून कॉलेज चालत बारा मिनिटांवर. कॉलेजात आमचा एक ग्रुप होता. नोकरीच्या, लग्नाच्या थापा मारून पुण्यात आणून विकलेल्या मुलींसाठी काम करायचा. आम्ही स्टेशनवर पत्रकं वाटायचो, पथनाट्यं करायचो, आणि दर शनिवारी दुपारी एका निवारागृहात सोडवून आणलेल्या मुलींना शिकवायला जायचो. (ते कुठे आहे, ते लिहिणार नाही.) पथनाट्यात मी उभी राहणं शक्यच नव्हतं, म्हणून शनिवारचं इंग्रजी माझ्याकडे आलं.

तिथल्या एका मुलीला मी इथे मंदा म्हणते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या सख्ख्या मामानेच ‘धुण्याभांड्याला लावतो’ म्हणून तिला आणलं होतं. केस चालू होती, मामा जामिनावर बाहेर होता आणि मंदा मुख्य साक्षीदार. तिला कुठे ठेवलं आहे हे त्याला कळता कामा नये – सगळं या एका गोष्टीवर उभं होतं आणि ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिच्या डाव्या हाताला जन्मापासून एक खूण होती. कसली, ते सांगणार नाही. एकदा सांगून झालंय. तो हात ती कायम ओढणीखाली ठेवायची.

कॉलेजात तीन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. चेहरे दाखवायचे नाहीत, नावं द्यायची नाहीत, हे नियम आम्हाला पाठ होते. तेव्हा केतकीने – ही आमची लीडर – कल्पना काढली की पांढऱ्या चादरीवर मुलींच्या हातांचे ठसे घ्यायचे. पाच-पाचच्या चार ओळी, निळा रंग. हातावरून कोण ओळखणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. परवानगीचे फॉर्म मी तयार केले. इंग्रजीत. उजव्या हाताने फॉर्मवर सही करायची, म्हणून तो कोरडा ठेवायचा आणि रंग डाव्या हाताला लावायचा, ही पद्धतही मीच बसवली. मला तिचा अभिमान होता.

मंदाने सही केली आणि उजवाच हात पुढे केला.

“सगळ्यांचा डावा आहे,” मी म्हणाले.

“मग माझा नको ताई.”

एवढं स्पष्ट म्हणाली ती. मी तिच्याशी वाद घातला नाही, मला वाद घालताच येत नाही. पण मी ‘बरं’ म्हणून पुढेही गेले नाही. तिसऱ्या ओळीतली एक जागा रिकामी राहणार होती आणि केतकी काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. मी नुसती ब्रश धरून, खाली बघत उभी राहिले. गप्प बसलं की समोरचा माणूस अवघडतो आणि आपलं काम होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. थोड्या वेळाने ओढणीखालून डावा हात बाहेर आला.

“करा लवकर,” ती म्हणाली.

ठसा सगळ्यांत ठळक तिचाच उमटला, खुणेसकट. करंगळीचं टोक शेजारच्या ठशाच्या अंगठ्यावर चढलं होतं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी, मंगळवारी, मी पूर्ण चादरीचा एक फोटो आणि तिच्या ठशाचा एक क्लोज-अप ग्रुपच्या पेजवर टाकला. खाली इंग्रजीत चार ओळी. लोकांना फार आवडलं. माझ्या लिहिण्याचं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं.

बुधवारी रात्री पेजवर मेसेज आला – ‘ही मुलगी कोणत्या संस्थेत असते?’ नाव, फोटो काहीच नसलेलं अकाउंट. पोस्ट काढायला हवी होती, केतकीला फोन करायला हवा होता. पण मग तिने विचारलं असतं, मंदाची परवानगी होती ना? मी मेसेज तेवढा डिलीट केला आणि झोपले.

गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास हॉलमध्ये मी एकटीच होते. केतकी चहाला गेली होती. पन्नाशीचा एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी गोड.

“ताई, हे तुम्हीच केलंय का? लई पुण्याचं काम हाय.” मग त्याने फोन काढून मी टाकलेलाच फोटो माझ्यासमोर धरला. “हा हात आमच्या पोरीचा हाय. मी मामा तिचा. घरातून निघून गेली, तिची आई रडून रडून आजारी पडली. कुठं असती तेवढं सांगा.”

मी मान हलवली. नाही माहीत.

“माहीत नाही? मग हात काय पोस्टानं आला?”

तो हसत चादरीकडे वळला, आणि मीही तिकडे पाहिलं.

तिसऱ्या ओळीत चारच हात होते.

मंदाच्या जागी पांढरं कापड होतं. डाग नाही, ओल नाही, फिकट निळी कडासुद्धा नाही. शेजारचा अंगठा, ज्याच्यावर तिची करंगळी चढली होती, तो पूर्ण होता. चादर वर्गणी काढून आणलेली एकच, भिंतीला चोवीस टाचण्यांनी लावलेली. सकाळी दहा वाजता मी तिची एक सुरकुती नीट केली होती. तेव्हा वीस हात होते.

त्याने फोन पाहिला, चादर पाहिली. बोट लावून ठसे मोजले. रिकाम्या जागेवर अंगठा जोरात घासला आणि अंगठा उलटा करून पाहिला.

“ही दुसरी चादर का?”

तो खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने उठला, परत एकदा मोजले. “फोटो दुसरीकडचा दिसतोय,” असं स्वतःशीच म्हणाला आणि गेला.

केतकी आली तेव्हा मी अजून चादरीसमोरच उभी होते. तिने चादर पाहिली, माझ्याकडे पाहिलं. “ठसा कुठे गेला? तू काढलास? ड्रायक्लीनिंगचा कोर्स कधी केलास गं, सांगितलं नाहीस ते!” मग मी मामाचं सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. “म्हणजे तो यायच्या आत काढलास... शहाणी आहेस तू.” मी नाही म्हणाले नाही.

पोस्ट काढली. निवारागृहाच्या मॅडमना लगेच फोन लावला. स्पीकरवर त्या आधी आमच्यावरच डाफरल्या, “अहो, ते रंगाचे डबे तुम्ही इथेच सोडून गेलात की काय? तुमची ती मंदा, बसल्या जागी डावा हात निळा करून घेतलाय! ओला रंग टपकतोय कपड्यांवर. दहा मिनिटं नळाखाली घासतेय.”

रंगाचे डबे आमच्या ग्रुपच्या कपाटात होते. कुलूप होतं. ठसे घेऊन बारा दिवस झाले होते.

मग आम्ही मामाचं सांगितलं. पुढची पोलिसांची वगैरे धावपळ त्यांनीच केली. मंदाला दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं.

शनिवारी मी शेवटची गेले. मंदाची पिशवी भरलेली होती. डावा तळवा घासून घासून लाल झाला होता, नखांच्या कडांना अजून निळं होतं. पहिल्यांदाच तो ओढणीबाहेर होता. मी माफी मागायला गेले होते, वाक्यंही ठरवली होती. पण तिनेच आधी विचारलं –

“ताई, तुम्ही माझा हात परत दिलात ना?”

मी तिच्या पिशवीशेजारी खाली बसले.

“मला कळलं,” ती म्हणाली. “गुरुवारी एकदम ओला लागला. म्हटलं, ताईंना वाटलं असणार, हिने नको म्हटलं होतं.” आणि हसली.

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी काहीच परत दिलं नव्हतं. मेसेज आल्यावरसुद्धा नाही. पण मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा तिने ‘हो’ असा अर्थ घेतला. तिने तोच हात माझ्या हातात दिला. गार होता, आणि थोडा ओलसर.

कापडावरच्या रंगांची माहिती असणाऱ्या दोघांना मी नंतर विचारलं. धुऊन निघतो, म्हणाले, पण एकच ठसा, शेजारच्याला धक्का न लावता, भिंतीवर टांगलेल्या कोरड्या कापडावरून – नाही. चादर अजून केतकीकडे आहे, तिच्यावर एकोणीस हात आहेत. फोटो मी डिलीट केले. त्याआधी पूर्ण चादरीचा फोटो मोठा करून मोजले. वीस होते. पुरावा मागाल तर आता माझ्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता.

केतकीला सगळं खरं सांगून झालं. ती वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, ते बरोबरच होतं. राहिली मंदा. तिला सांगायचं तर ती कुठे आहे हे कोणाला तरी विचारावं लागेल... आणि ते विचारायचं नाही, एवढं मी शिकले आहे. म्हणून इथे लिहिलं.