शिष्टरबाई, अंगावरून जायलंय!

आम्ही जुन्या नर्सा लग्नात भेटलो की पंगतीतसुद्धा बाळंतपणंच निघतात. वाढपी बिचारा लांबून जातो! पिंगळीकडच्या उपकेंद्रात मी नोकरीला होते, तिथले किस्से तर संपतच नाहीत.

*

एक मावशी धापा टाकत आल्या. "बाळंतीण लेक बाजेवरून उठली की भळकन रगत जायलंय! झोपली की काईच न्हाई!"

जाऊन बघितलं. ताप नाही, गाठी नाहीत. म्हटलं, "आडवं असताना आत साठतं, उठलं की एकदम येतं. घाबरू नका. पण कापडाची घडीमागं घडी चिंब व्हायला लागली, तर लगेच बोलवा."

मावशी लेकीवरच उखडल्या, "मग सारखी उठतीस कशाला गं?"

"आई, तूच काढा प्यायला उठवायलीस!"

*

कापडदुकानवाला शिवलिंग गिऱ्हाइकं टाळून हळूच विचारू लागला, "बाळंतीण बायकोचं आधी लाल जायचं. मग तपकिरी झालं, आता पिवळट-पांढरं. काय समजावं?"

"बरी व्हायलीय. रंग असाच उतरत जातो."

"कमाल हाय! आमच्याकडं रंग उतरला की गिऱ्हाईक भांडायला येतंय!"

*

पहिलटकरीण सुमन रडकुंडीला आलेली. "बाळ दूध प्यायलं की पोटात कळ येती, अन् रगत बी जास्त जातंय. पाजू का नको?"

"पाज की! त्यानं पिशवी आवळते, जागेवर बसते."

सासू नातवाकडं बघून म्हणाली, "आल्या आल्या कामाला लागलं गं माझं लेकरू!"

*

पोखर्णीकडच्या एका घरी बारशाला गेले. बाळंतीण कांता तापानं फणफणलेली, कपड्याला घाण वास. बायका म्हणाल्या, "इटाळ हाय, वास येणारच."

"न्हाई! असा वास येत नसतो. आत्ताच्या आत्ता परभणीला न्यायचं!"

सासरे अडून बसले. "बारसं झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

सासूनं पाळण्यातली नात उचलली. "बारसं दवाखान्यात करू. जीप बोलवा!"

कांता आठवडाभर सलाईनवर होती. मी रोज जात होते. तिसऱ्या दिवशीही डोळे उघडत नव्हते, तेव्हा सासूच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मग ताप उतरला. सासूनं खरंच घुगऱ्या शिजवून आणल्या, सगळ्या वॉर्डात वाटल्या. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं.

तेवढ्यात कांतानं उशीवरून मान उचलली.

"आत्याबाई, माझ्या बी कानात एक सांगा की. मी बी आत्ताच जल्मले!"